डाव्या सीटवरचं वजन

ती पिवळी गाडी दुकानात मीच आत घेतली आणि शेजारच्यालाही मीच हाक मारली. त्यामुळे पुढे जे काही झालं त्याबद्दल दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडायची सोयच उरली नाही.

मंगळवारची सकाळ होती. मी एका टेम्पोच्या टायरमधला खिळा उपटत बसले होते... केस फडक्यात बांधलेले, हात कोपरापर्यंत काळे. दारात गुरगुर ऐकू आली म्हणून मान वर केली, तर ही उभी! दोन सीटची, बुटकी, लिंबासारखी पिवळीजर्द. मी टायरच्या दुकानात लहानाची मोठी झाले, गाडी बघून मला सहसा काही होत नाही. पण हिला बघून मी हातातली पक्कड खाली ठेवली.

गाडीतून एक बाई उतरली. उंच, हसरी, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. आमच्या दुकानात पांढरा शर्ट घालून येणारं माणूस एक तर वेडं असतं, नाहीतर त्याला स्वतःबद्दल फारच खात्री असते. ही वेडी दिसत नव्हती.

"रुंद चाकं बसवून मिळतील का?"

"मिळतील. पण कशाला?"

गिऱ्हाइकाला 'कशाला' विचारू नये असं बाबा सांगून थकले. मी विचारतेच.

"वळणावर मागून सरकते ही," ती म्हणाली. "रविवारी रेसच्या ट्रॅकवर पळवते मी. बाकीचे सहा दिवस लोकांचे डोळे तपासते. मागच्या गल्लीत दवाखाना आहे माझा."

म्हणजे डोळ्यांची डॉक्टर. लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघणं हा जिचा धंदाच आहे, ती आपल्या दारात उभी आहे, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी आपली टेप घेऊन चाकापाशी बसले.

रुंद चाक बसवणं म्हणजे एक नंबर मोठी चप्पल घेणं नव्हे. वाढलेली रुंदी कुठेतरी जाणारच. आत गेली तर शॉकअॅब्सॉर्बरला टेकते, बाहेर आली तर मडगार्डच्या कडेला घासते. आठ इंच रुंदीची रिम काढून साडेनऊची बसवायची होती. मी पट्टी लावली, बोटं घालून बघितली, दोनदा मोजलं. पुढे जमत होतं. मागे मात्र मडगार्डची आतली कड आड येत होती.

"मागची कड आत वळवावी लागेल," मी म्हणाले. "रंगाला धक्का न लावता."

"ते कोण करेल?"

"शेजारी आहे एक."

आणि मी पत्र्याच्या भिंतीवर तीनदा टकटक केली.

ही भिंत म्हणजे आमचं दुकान आणि त्याची शेड यांच्यामधला पत्रा. आठ महिन्यांपूर्वी त्याने शेजारची जागा घेतली. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्यांचं अंग सरळ करायचं काम. पहिल्याच दिवशी दारात येऊन म्हणाला होता, "जॅक मिळेल का? दहा मिनिटांत देतो." अकरा दिवसांनी परत आणून दिला... पण घासून, गंज काढून, निळा रंग लावून. मी भांडायच्या तयारीत होते, ते राहूनच गेलं. त्यानंतर पत्र्यावर दोनदा टकटक म्हणजे चहा, तीनदा म्हणजे 'ये, हात लाव', असं कधी ठरलं ते दोघांनाही सांगता येणार नाही. तो मला मास्तरीणबाई म्हणायचा, कारण मी त्याची मापं तपासायचे. बाबा त्याला काडीपैलवान म्हणायचे, कारण भंगार रबर तोलायच्या आमच्या काट्यावर तो एकदा गंमत म्हणून उभा राहिला तेव्हा अठ्ठावन्न भरला होता.

"टायर हातात धरून उभा राहा," बाबा म्हणाले होते, "म्हणजे जरा माणसात आल्यासारखं वाटेल."

तर हा काडीपैलवान हात पुसत आला, गाडीकडे बघितलं आणि तोंडाचा चंबू करून शीळ घातली. माझा जॅक परत देताना सुद्धा त्याने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"काय देखणी आहे हो!" तो म्हणाला.

"थँक यू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जणू काही त्यांनाच म्हटलं होतं. आणि दोघं हसली.

मी टेप सोडली. ती फर्रकन आत गेली आणि माझ्या अंगठ्याला लागली.

---

चाकं पुढच्या सोमवारी आली. त्याच दिवशी कड वळवायची होती.

हे काम दोन माणसांचं. चाक काढून त्या जागी एक हत्यार बसवतात, त्याच्या टोकाला रूळ असतो. एकाने हीटगनने रंग ऊबदार ठेवायचा, दुसऱ्याने रूळ मागेपुढे फिरवत हळूहळू दाब वाढवायचा. रंग थंड राहिला तर तडकतो, फार तापला तर फुगतो. धरणाऱ्याचा हात आणि वळवणाऱ्याचा हात एका लयीत चालावे लागतात. आठ महिन्यांत आम्ही अशा अकरा गाड्या केल्या होत्या आणि अकराही वेळा हीटगन माझ्या हातात होती. "जरा इकडे," तो म्हणायच्या आधीच मी इकडे गेलेली असायचे. त्या वेळी त्याचं डोकं माझ्या खांद्यापासून वीतभर लांब असायचं. ती वीत मी कधी मोजली नाही, पण मला पाठ होती.

मी हात पुढे केला.

"मी धरू का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "हात स्थिर आहे माझा. डोळ्याचं ऑपरेशन करते मी."

आता यावर कुणी काय बोलणार? मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणेल, नको, आमच्या मास्तरीणबाईंना सवय आहे. तो म्हणाला, "धरा की!"

धरा की. एवढे दोनच शब्द. मला मत्सर वाटतोय हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तो एका हीटगनसाठी वाटतोय याची लाजही त्याच क्षणी वाटली. मी माझ्या बाजूला येऊन नव्या रिमवर टायर चढवायला घेतले. रबराला साबण लावला, हवा भरली, टायर फट्टकन जागेवर बसला. पत्र्यापलीकडून हसण्याचा आवाज आला. मग पुन्हा. मी मोजत नव्हते... नऊ वेळा आला.

काम संपल्यावर ती त्याने वळवलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"केसाएवढा तडा नाही! अहो, आमच्या टीमला असाच हात हवाय. ट्रॅकजवळ वर्कशॉप आहे, राहायला खोली आहे. मी शब्द टाकते. शनिवारी दुपारपर्यंत सांगा मला."

ट्रॅक इथून पाच तासांवर. ती फोन घ्यायला बाहेर गेली. तो माझ्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. केसांत पांढरी पूड, हातावर भाजल्याचा जुना डाग.

"काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? चांगलं काम आहे."

"म्हणजे... जाऊ?"

"जा की. मी कोण अडवणारी?"

"नक्की?"

"दोनदा काय विचारतोस? कानात बोळे घातलेत का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी नटांचा डबा उचलून त्यात काहीतरी शोधायला लागले. त्यात नटांशिवाय काही नव्हतं.

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

अशा डोक्याने मी चाकं बसवली. नट आवळले, तेही नीट, एकाआड एक, ठरलेल्या जोराने. पण एक गोष्ट राहिली.

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. रुंद चाकं बसवली की चाकावरच्या मडगार्डच्या कमानीच्या आतल्या अंगाला मेणखडूने पांढरा पट्टा ओढायचा. टायरवर खुणा करायचा जाड खडू, पाण्याने जात नाही, घासलं तरच जातो. मग शेजारच्या सीटवर बाबांना बसवायचं आणि रस्त्याच्या टोकाच्या गतिरोधकावरून गाडी न्यायची. बाबा शहाण्णव किलो. आमच्या दुकानाचं अधिकृत वजन! पट्टा शाबूत राहिला तर काम पास. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी धक्के बंद केले, आणि त्यांच्या जागी वीस-वीस किलोची वाळूची पाच पोती आली. तेव्हापासून बाबा त्या पोत्यांकडे, आपली खुर्ची बळकावणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघतात.

त्या दिवशी मी पट्टे ओढले, गाडी काढली, एकटीच गतिरोधकावरून आले आणि पट्टे बघितले. शाबूत होते. पोती दाराशी तशीच पडून होती. मला एवढंच दिसत होतं की गाडी लवकर दारातून जावी, आणि तिच्याबरोबर तो पांढरा शर्टही.

---

मंगळवारी पत्र्यावर दोनदा टकटक झाली. मी उत्तर दिलं नाही. बुधवारी एकदाच झाली. एकदा म्हणजे काय ते ठरलेलं नव्हतं. गुरुवारी झालीच नाही, आणि ती झाली नाही याचा मला जास्त राग आला. एरवी संध्याकाळी त्याच्या शेडमधल्या स्टुलावर बसून गप्पा छाटणारे बाबा हल्ली भर दुपारीच तिकडे जायचे आणि तिथून 'पाय मोकळे करायला' म्हणून बाहेर पडायचे. येताना केस उभे आणि चेहरा फुललेला. घरात एक तरी माणूस खूश आहे, असं म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

शुक्रवारी सकाळी पिवळी गाडी परत दारात.

"काहीतरी घासतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागे, डावीकडे. नेहमी नाही, मध्येच. उजवीकडे वळताना खर्रर्र होतं."

मी गाडी उचलली आणि बॅटरी घेऊन आत वाकले. उजव्या कमानीतला पट्टा जसाच्या तसा. डाव्या कमानीतला पुसून साफ, आणि कडेवर रबराचा काळा भुगा.

फक्त डावीकडे. आणि गाडी चालवणारी बसते उजवीकडे.

डाव्या सीटवर कुणीतरी बसलं होतं. एकदा नाही. एका फेरीत एवढा भुगा पडत नाही.

"तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?" मी आवाज सांभाळत विचारलं.

ती जरा गडबडली. मग हसली. "होतं कुणीतरी. सांगणार नाही असं कबूल केलंय मी."

मी गाडी खाली घेतली आणि डावं दार उघडलं. काळ्या सीटवर पांढरी पूड होती. चेपलेल्या पत्र्यात भरलेली लांबी घासताना उडते ती. त्याच्या केसांत असते ती, त्याच्या शर्टवर असते ती. ती मला कुठेही ओळखू आली असती.

"गाडी ठेवून जा," मी म्हणाले. "उद्या दुपारी मिळेल."

ती गेली आणि मी तीन ढांगांत त्याच्या शेडमध्ये पोचले. तो एका दाराला पॉलिश पेपर घासत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. तेवढ्यानेच मी जास्त भडकले.

"कशी आहे सीट? मऊ आहे ना?"

"कुठली सीट?"

"पिवळ्या गाडीची. वळणावर वारा चांगला लागत असेल. केस उडत असतील कुणाकुणाचे!"

"मी त्या गाडीत बसलेलो नाही," तो म्हणाला. मग जरा थांबला, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ते मिटणं मी बघितलं.

"खडू खोटं बोलत नाही. डावा पट्टा पुसलाय. सीटवर तुझी पूड पडलीय. कोण बसलं होतं, सांग मग!"

"ते मला सांगता येणार नाही."

"तिलाही सांगता येणार नाही, तुलाही सांगता येणार नाही. छान जमलंय!"

त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला. त्याला चिडलेलं मी आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि तो चिडला की आवाज चढवत नाही, उतरवतो, हेही कळलं.

"मास्तरीणबाई, माझ्या बोलण्यापेक्षा तुझा खडूवर विश्वास असेल तर इथे राहून मी काय करू? शनिवारी दुपारपर्यंत सांगायचंय ना... सांगतो."

"सांग की!"

मी परत आले. पत्र्याच्या अलीकडे बाबा उभे होते, हातात वर्तमानपत्र. उलटं.

---

दुपारपर्यंत राग काही उतरला नव्हता. पण गाडी तर दुरुस्त करायची होती. कड अजून किती वळवायची हे कळायला किती वजनाला टायर टेकतो ते बघावं लागतं. ते सोमवारीच बघायला हवं होतं. ते न बघता मी एका माणसाची गाडी रस्त्यावर सोडली होती, तीही जोरात पळणारी. टायर फाटला असता तर? हा विचार आला तेव्हा मत्सराच्या जागी थोडा वेळ निव्वळ लाज होती.

नवा पट्टा ओढला. डाव्या सीटवर तीन पोती ठेवली. साठ किलो. गतिरोधकावरून गेले, मागच्या चौकात उजवीकडे कचकचून वळले, परत आले. पट्टा शाबूत.

चौथं पोतं टाकलं. ऐंशी. तीच फेरी. पट्टा शाबूत. बोट आत घातलं तर अजून जागा होती.

पाचवं टाकलं. शंभर. चौकात वळताना मागून आवाज आला... खर्रर्र. पट्टा पुसून साफ.

मी तिथेच जमिनीवर बसले.

अठ्ठावन्न किलो! माझ्याच काट्यावर, माझ्याच डोळ्यांसमोर अठ्ठावन्न भरलेला माणूस. तो त्या सीटवर दिवसभर उड्या मारत बसला असता तरी हा पट्टा पुसला गेला नसता. कुठल्याही गिऱ्हाइकाच्या गाडीत मी हे गणित उभ्या उभ्या केलं असतं. खडू खोटं बोलला नव्हताच. त्याने मला नीट सांगितलं होतं, तिथे जड माणूस बसलं होतं म्हणून. मीच ऐकलं नव्हतं.

जड माणूस. लांबीच्या पुडीने माखलेल्या स्टुलावर बसणारं. भर दुपारी पाय मोकळे करायला जाणारं. केस उभे करून परत येणारं...

"बाबा!"

बाबा कपाटामागून हळूच बाहेर आले.

"किती वेळा?"

"काय किती वेळा?"

"बाबा..."

"तीनदा," ते म्हणाले. मग घाईघाईने, "पण हळू चालवते हो ती! म्हणजे... फार हळू नाही. पण खड्डे चुकवते. आणि ती डॉक्टरच आहे ना!"

"डोळ्यांची! पाठीची नाही!"

"पाठीला काय धाड भरलीय? जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं आवळली मी. गतिरोधकापर्यंत जायचं आणि परत यायचं. एकदा तरी पुढे जाऊन बघावं वाटलं." त्यांचा आवाज खाली आला. "तुझ्या आईला सांगू नकोस. तिला कळलं तर माझी काही धडगत नाही."

"आणि हे त्याला माहीत होतं?"

"कोपऱ्यावर गाडीत बसताना बघितलं त्याने. मी शपथ घातली, म्हटलं, माझ्या पोरीला कळलं तर ती मला पोत्यासारखं उचलून घरी नेऊन टाकेल." बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तू त्याला काय काय बोललीस ते पत्र्यातून ऐकलं मी. तेव्हाच पुढे यायला हवं होतं. पण तुझा आवाज ऐकून मी वर्तमानपत्रात तोंड घातलं."

मला हसावं की रडावं कळेना. म्हणून दोन्ही केलं.

---

शनिवारी सकाळी त्याच्या शेडचं दार अर्धं उघडं होतं. हत्यारं भिंतीवरून उतरवून एका पेटीत रचलेली.

"गाडीची चाचणी घ्यायचीय," मी दारातूनच म्हणाले. "वजन हवंय."

"पोती आहेत की तुझ्याकडे."

"पोती बोलत नाहीत."

"बरंच आहे. त्यांच्यावर आरोप तरी होत नाहीत."

हे मला मिळायलाच हवं होतं. तो हात झटकून उठला आणि डाव्या सीटवर येऊन बसला.

मी गाडी काढली. गतिरोधक, चौक, उजवं वळण. आवाज नाही. पुढचा चौक, उजवं वळण. आवाज नाही. पहाटे सर येऊन गेली होती, रस्ता ओला होता, चाकांखालून बारीक सळसळ येत होती. अशी चार उजवी वळणं घेऊन आम्ही पुन्हा पहिल्या चौकात आलो.

"अजून किती वळणार?" त्याने विचारलं.

"खात्री होईपर्यंत."

"झाली नाही?"

"झाली. काल दुपारीच झाली. अठ्ठावन्न किलोला हा टायर कधीच टेकत नाही." मी समोर बघत होते. समोर बघूनच बोलता येत होतं. "बाबांनी सांगितलं सगळं. पण त्यांनी सांगायच्या आधी मला कळायला हवं होतं. मी चुकले. फार वाईट बोलले तुला."

मी पाचव्यांदा उजवीकडे वळले.

"मला मत्सर वाटला," मी म्हणाले. "आधी या गाडीचा. तू शीळ घातलीस ना, तेव्हा. मग हीटगनचा. मग त्या पांढऱ्या शर्टाचा. नऊ वेळा हसलात तुम्ही, मी मोजलं. आणि 'जा की' म्हणाले ते साफ खोटं होतं. जाऊ नकोस. म्हणजे... काम चांगलं आहे, तुला हवं असेल तर जा, मी खरंच रडून गोंधळ घालणार नाही. पण मला विचारशील तर... जाऊ नकोस. पत्र्याच्या पलीकडे दुसरं कुणी आलेलं मला चालणार नाही."

एवढं बोलून मला धाप लागली. मी शेजारी बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचा कान लाल झाला होता.

"तीन मिलिमीटर," तो म्हणाला.

"काय?"

"कड अजून तीन मिलिमीटर वळवावी लागेल. काकांच्या वजनाला. दुपारी गाडी द्यायचीय ना? चल."

बस्स. एवढंच! मी सगळं काळीज काढून समोर ठेवलं आणि हा मिलिमीटर मोजतोय. मी गाडी दुकानात घातली.

त्याने डावं चाक काढलं, हत्यार बसवलं आणि मागे न बघता हात मागे केला. हातात हीटगन होती.

"धर," तो म्हणाला.

मी धरली. गरम हवेने रंगाचा तो ओळखीचा वास सुटला. "जरा..." त्याने म्हणायच्या आत मी इकडे गेले होते. रूळ पुढे, रूळ मागे. त्याचं डोकं माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरावर. नंतर तेवढंही नाही.

"नऊ वेळा हसलो ना," तो कडेकडे बघतच म्हणाला, "त्यातल्या सात वेळा तुझ्याबद्दल हसलो. ती विचारत होती, तुमच्या मास्तरीणबाई अशा का बघतात माझ्याकडे? मी म्हटलं, तुम्ही तिची हीटगन घेतलीत."

"मग तू दिलीस कशाला?"

"तू काही म्हणतेस का ते बघायला."

"आणि मी काही म्हणाले नाही तर?"

"मग विचारलं ना, जाऊ का म्हणून. दोनदा विचारलं. माझ्या कानात बोळे होते."

मी हीटगनसकट त्याला कोपर मारलं. पण तो जाणार की राहणार, ते त्याने अजून सांगितलं नव्हतं. पेटी तिकडे भरलेली होती आणि घड्याळात साडेअकरा वाजले होते.

कड वळून झाली. मी चाक आणायला गेले, तेवढ्यात त्याने माझा मेणखडू उचलला आणि कमानीत वाकून पट्टा ओढला. बराच वेळ ओढत होता. "एक पट्टा ओढायला एवढा वेळ?" मी म्हणाले. "तुझ्यासारखी सवय नाही मला," तो म्हणाला आणि चाक माझ्या हातातून घेऊन स्वतःच चढवलं.

"आता खरं वजन हवं," तो म्हणाला. "काका!"

बाबा दारातच उभे होते, केस विंचरून. मी डोळे वटारले.

"एकदाच," बाबा म्हणाले. "हळू. तू चालव. मी पाठीला उशी घेतो."

मी त्यांना नेलं. गतिरोधकावरून चालत्या माणसाच्या वेगाने गेले, तिथून पुढेही गेले, मागच्या चौकात उजवीकडे वळले. बाबा डोळे मिटून बसले होते, कान मागे लावून. आवाज नाही. बाबांनी डोळे उघडले आणि हळूच म्हणाले, "पास."

पण पास नापास पट्टाच ठरवतो. दुकानात येऊन मी गाडी उचलली, बॅटरी घेतली आणि डाव्या कमानीत वाकले.

पट्टा नव्हताच. पट्ट्याच्या जागी, जिथे टायर टेकला असता नेमकं तिथे, वेड्यावाकड्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं:

'डॉक्टरीणबाईंना सोमवारीच येत नाही म्हणून सांगितलं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून तुला सांगायचं थांबलो. आता पत्रा काढून टाकू या का?'

एकही अक्षर पुसलं गेलं नव्हतं.

मी किती वेळ तशी वाकून उभी होते कोण जाणे. मागून तो म्हणाला, आवाज पार उतरलेला, "घासलं का कुठे?"

"नाही," मी आतूनच म्हणाले. बाहेर आले असते तर डोळे दिसले असते. "आणि ती पेटी कशाला भरलीस मग?"

"मधला पत्रा कापायचा तर भिंतीवरची हत्यारं आधी उतरवावी लागतात, मास्तरीणबाई."

बाबांनी उलटं वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं.

बारा वाजता डॉक्टरीणबाई आल्या. मी त्यांना सांगितलं की सोमवारची चूक माझी होती, वजन न ठेवता गाडी सोडली होती. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "तुमची नजर फार चांगली आहे. फक्त जवळचं जरा कमी दिसत होतं. आता ठीक वाटतंय." आणि गुरगुर करत निघून गेल्या.

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा माझ्या लक्षात आलं. अक्षरं पुसायची राहिली. खरं सांगायचं तर हात झाला नव्हता.

पत्रा निघून आता वर्ष होत आलं. दोन्हीकडची मिळून एकच शेड झालीय, मध्ये एकच मोठा बाक आहे, आणि हीटगन माझ्या खिळ्याला असते. पण ती पिवळी गाडी रस्त्याने गेली की माझं अजूनही डोकं फिरतं. माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रेमपत्र डाव्या चाकाच्या वर मिरवत, ती दुसरीच बाई गावभर फिरतेय!